समुद्रकाठचा मुक्काम : वेंगुर्ले ते तेरेखोल पायी जाताना

दिवाळी उरकली, थंडी पडू लागली की बेळगावातल्या तरुण मंडळींना समुद्राचे वेध लागतात. गडकिल्ल्यांच्या मोहिमा आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. पाठीवर पिशवी, पायांत बूट, कुठल्या तरी देवळात मुक्काम, एवढे कळले की सह्याद्रीत निभावते. समुद्रकाठचा मुक्काम मात्र वेगळा असतो. डोंगर रात्रीतून जागचा हलत नाही, समुद्र हलतो. संध्याकाळी शंभर पावले लांब असलेले पाणी मध्यरात्री उशाशी येऊ शकते.

गेल्या काही वर्षांत मंडळाकडे याविषयी बरीच विचारणा होते आहे. तंबू कुठे लावायचा, पाणी कुठे मिळते, मुलांना न्यावे का, पौर्णिमा धरून जावे का, असे प्रश्न येतात. आमच्यातले काही जण ही वाट अनेकदा चालले आहेत. त्या अनुभवाला किनाऱ्यावरच्या लोकांकडून शिकलेल्या गोष्टींची आणि भरती-ओहोटीच्या शास्त्राची जोड देऊन हा लेख तयार केला आहे. उदाहरणासाठी आपल्याला सर्वांत जवळची वाट घेतली आहे, ती म्हणजे वेंगुर्ल्यापासून तेरेखोलपर्यंतची.

वेंगुर्ल्याशी आपले जुने नाते

हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोड म्हणतो. हे नाव उगाच पडलेले नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. छावणीचे सामान आणि घाटावरचा व्यापारी माल याच वाटेने बंदरावर चढे-उतरे. आधी रामघाट, नंतर आंबोलीचा घाट हा त्या वाहतुकीचा मार्ग होता. त्याही आधी सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १८८८ मध्ये मुरगावहून रेल्वे सुरू झाली, व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची गजबज हळूहळू ओसरली.

बंदर मागे पडले म्हणूनच कदाचित हा किनारा बराचसा मोकळा राहिला. उत्तर गोव्यात दिसतात तशा शॅकच्या रांगा इथे नाहीत. काही पट्ट्यांवर तर तासभर चालले तरी माणूस भेटत नाही. भेटतात ते खेकडे, समुद्रपक्षी आणि वाळत घातलेली जाळी.

वाट कशी आहे

बेळगावहून आंबोली, सावंतवाडीमार्गे वेंगुर्ले साधारण सव्वाशे किलोमीटर पडते. वेंगुर्ले बंदरावरून दक्षिणेकडे निघाले की सागरेश्वर, मोचेमाड, आरवलीचे सागरतीर्थ, शिरोड्याचे वेळागर, रेडी आणि शेवटी तेरेखोल असा क्रम लागतो. सगळे मिळून वीस-पंचवीस किलोमीटर. आकडा लहान दिसतो. पण पाठीवर ओझे असताना वाळूत चालणे म्हणजे रस्त्यावरच्या दीडपट श्रम धरावेत. दोन मुक्काम आणि तीन दिवस ठेवले तर वाट सुखाची होते.

ही सलग वाळूची पट्टी नाही. पुळण संपली की जांभ्या दगडाचे एखादे टोक समुद्रात घुसलेले असते, त्यापुढे पुन्हा पुळण, मग खाडी. टोकाला पाण्याच्या कडेने वळसा घालायचा मोह होतो, तो टाळावा. ओहोटीला मोकळे दिसणारे ते खडक शेवाळाने निसरडे असतात, कालवांच्या शिंपल्यांची धार पाय कापते आणि भरती सुरू झाली की पुढची आणि मागची, दोन्ही वाटा बंद होतात. टोक आले की वर चढून सड्यावरच्या पायवाटेने किंवा गावातल्या रस्त्याने पलीकडे उतरावे. अर्धा तास जास्त लागतो, पण जीव टांगणीला लागत नाही.

खाड्यांचेही तसेच. मोचेमाडला आणि शिरोडा-रेडीच्या मध्ये खाडी आडवी येते. 'गुडघाभरच पाणी आहे' असे दिसले तरी पाठीवर पिशवी घेऊन खाडीच्या मुखातून उतरू नये. पुलावरून जावे किंवा गावात विचारून होडी करावी. ओहोटीच्या वेळी खाडीचे सगळे पाणी त्याच अरुंद मुखातून समुद्राकडे धावत असते आणि त्या ओढीपुढे माणसाचे पाय टिकत नाहीत.

वाटेवर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे. देव रात्री गावात फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेने भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. जयवंत दळवींचे हे गाव. शिरोड्यात वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अनेक वर्षे शाळा चालवली आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथल्या मिठागरांवर झाला. रेडीला खाडीच्या मुखावर यशवंतगड आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि त्यामुळे नदीच्या उत्तरेला असूनही तो तुकडा आज गोव्यात आहे. तिथून फेरीबोटीने केरीला उतरले की वाट पुरी होते.

पंचांगात दडलेले घड्याळ

समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्याने तंबूच्या आधी पंचांग उघडावे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. चंद्र रोज तितकाच उशिरा उगवतो, त्याचेच हे प्रतिबिंब.

कोकणातले जुने लोक यासाठी एक सोपे गणित वापरतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. अमावास्याही पंधरावीच तिथी, म्हणून तिलाही तेच. ओहोटी यापासून सहा-सव्वासहा तास मागेपुढे. हे गणित ढोबळ आहे. गावागावाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रकही पाहावे. पण मोबाइलची रेंज गेली तरी तिथी जात नाही, हा या गणिताचा फायदा.

पाणी किती चढणार हेही तिथीच सांगते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास त्या दोन ओढी काटकोनात असतात, तेव्हा पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. तिला भांगाची भरती म्हणतात. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. दक्षिणेकडे यावे तसे हे अंतर कमी होत जाते आणि गोव्याजवळ ते दोन मीटरच्या आसपास राहते. दोन मीटर ऐकायला थोडे वाटते. पण सपाट पुळणीवर पाणी दोन मीटर उभे चढले की आडवे किती आत येते, ते जमिनीच्या उतारावर ठरते. वेळागरसारख्या सपाट किनाऱ्यावर ते अंतर बरेच मोठे असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. 'तासभर बघतोय, पाणी फारसे पुढे आलेले नाही' असे म्हणून निवांत बसणारी मंडळी नेमकी याच मधल्या दोन तासांत गोंधळतात.

पौर्णिमेचा मोह

आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना पौर्णिमेचीच रात्र हवी असते. चांदणे, लाटा, वाळू, हे चित्र कोणालाही मोहात पाडणारेच आहे. पण वरचे गणित लावून पाहा. पौर्णिमेला भरती सकाळी सव्वाअकराला, म्हणून पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. आपण तंबू लावायला पोहोचतो ती हीच वेळ. समुद्र लांब गेलेला, पुळण मैदानासारखी पसरलेली, ओली वाळू घट्ट. 'इतकी जागा असताना मागे कशाला जायचे?' असे वाटते आणि तंबू पुढे लागतो. सुरुवातीला पाणी थोडेसेच हललेले असते. जेवण होते, गाणी होतात, मंडळी झोपतात आणि साडेअकराच्या सुमारास महिन्यातली सर्वांत मोठी भरती येते. त्यातच आपल्याकडे हिवाळ्यात दिवसातल्या दोन भरत्यांपैकी बहुधा रात्रीची मोठी असते. म्हणजे सकाळी पाहिलेल्या भरतीच्या रेघेवरही भरवसा ठेवता येत नाही.

पौर्णिमेला जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. जायचे असेल तर तंबू पुळणीवर नको, मागे गावाच्या बाजूला लावावा आणि चांदण्यात फिरून झोपायला परत यावे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मात्र आम्ही पंचमी किंवा षष्ठीचा दिवस सुचवतो. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणून ओहोटी सकाळी साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास. साडेसात ते साडेबारा, या चालण्याच्या वेळेत पायाखाली घट्ट ओली वाळू मिळते. संध्याकाळी पोहोचाल तेव्हा भरती नुकतीच येऊन गेलेली असते आणि पाणी कुठवर आले होते ते डोळ्यांना दिसते. शुक्ल पक्षातली षष्ठी धरली तर रात्रीच्या पहिल्या प्रहरी चंद्रकोरही मिळते.

मर्यादवेलीच्या मागे

तंबूची जागा कशी ओळखायची? किनाऱ्यावर नीट पाहिले तर समुद्राने स्वतःच खुणा करून ठेवलेल्या असतात. शेवाळ, शिंपले, काटक्या आणि आजकाल प्लास्टिक यांची एक वेडीवाकडी रेघ पुळणीवर दिसते. ती अलीकडच्या भरतीची रेघ. तिच्या मागे आणखी एक जुनी, सुकलेली रेघ दिसेल. ती गेल्या उधाणाची. त्याच्याही मागे वाळूवर एक वेल पसरलेली असते. तिची पाने आपट्यासारखी दुभंगलेली आणि फुले जांभळट गुलाबी असतात. तिचे नाव मर्यादवेल. नेहमीचा समुद्र तिच्या पुढे येत नाही, म्हणून हे नाव. आपल्या पूर्वजांनी एका शब्दात केवढी सूचना देऊन ठेवली आहे!

तंबू मर्यादवेलीच्या मागे लावावा, पण वेलीवर लावू नये. ती वेल आणि तिच्या सोबतची रावणाच्या मिशा नावाची काटेरी गोल गवताची बेटे वाळू धरून ठेवतात. ती तुडवली की वाळूचा बांध ढिला होतो आणि त्यामागची घरे, बागा उघड्या पडतात. मागे सरकताना माडाखाली मात्र थांबू नये. नारळ आणि सुकलेली झापे रात्री सांगून पडत नाहीत. सुरूच्या बनाची कड बरी, पण तिथे चूल पेटवू नये. खाली साचलेला सुयांसारखा पाचोळा भरकन पेट घेतो.

डोंगरात वापरतो त्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. त्याला उपाय सोपा आहे. कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल खड्ड्यात पुरून वर वाळू दाबायची. पिशवी नसेल तर जाड काटकी आडवी पुरली तरी चालते. दोरीच्या ओढीला काटकोनात ती पडली पाहिजे, एवढे बघावे.

वाऱ्याची दिशाही आधीच ठाऊक असते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण सर्वांनी घोकले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून लावलेल्या तंबूत वाळू भरते, आणि पहाटे मागच्या बाजूने गार वारा शिरतो. म्हणून तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे ठेवावी आणि दार किनाऱ्याला समांतर दिशेला. हिवाळ्यात दव इतके पडते की उघड्यावर ठेवलेले कपडे सकाळी पिळून काढावे लागतात. वरचे आच्छादन नसलेला तंबू उपयोगाचा नाही.

पाण्यात उतरताना

या विषयावर आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडाले. तो दिवस या शहरातली अनेक घरे विसरलेली नाहीत. त्यानंतरही दर वर्षी घाटावरून गेलेल्या कोणा ना कोणाची बातमी येतेच.

आपण घाटावरची माणसे विहिरीत, तळ्यात किंवा नदीत पोहायला शिकतो. तिथे पाणी स्थिर असते, किंवा एकाच दिशेने वाहते. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या दांड्यामध्ये जिथे खोलगट खिंड असेल, तिथून ते एकवटून जोरात आत जाते. हा ओढीचा प्रवाह. त्याचा वेग कधीकधी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी पडतो. फसवी गोष्ट अशी की जिथे ही ओढ असते तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि गडद दिसते. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते.

ओढीत सापडले तर किनाऱ्याकडे उलटे पोहू नये. माणसे बुडतात ती बहुतेक त्या धडपडीत दमून. हा प्रवाह पाण्याखाली खेचत नाही, फक्त आत नेतो आणि त्याची रुंदी फार नसते. घाबरून न जाता पाण्यावर तरंगत राहावे, जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकावे आणि लाटा फुटताना दिसतील तिथून त्यांच्याबरोबर बाहेर यावे. हात वर करून मदत मागावी.

दुसरा बुडताना दिसला तर रिकाम्या हाताने मागोमाग उडी घेऊ नये. एकाच घटनेत चार-पाच जण जातात ते असेच. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि पंधरा-वीस मीटर दोरी प्रत्येक गटाकडे असावी. ती फेकता येते. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे किंवा त्याला उलटे धरून फिरवणे हे जुने प्रकार करू नयेत. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ ला फोन लावावा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. आमच्या मोहिमांचा नियम सरळ आहे. आंघोळ गुडघाभर पाण्यात, दिवसाउजेडी, गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी. अंधार पडल्यावर कोणीही पाण्यात नाही आणि प्यायलेला माणूस तर मोहिमेतच नाही.

निघण्यापूर्वी हवामानाबरोबर समुद्राचाही अंदाज पाहावा. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेकडून उंच लाटांचे इशारे दिले जातात. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. त्या आकाशाकडे पाहून कळत नाहीत. पावसाळ्यात हा विचारच नको. जून-जुलैत कोळी बांधवही होड्या वर ओढून ठेवतात, मग आपण कोण लागून गेलो?

गोडे पाणी, शिधा आणि सामान

समुद्राकाठी दमट हवेत घाम लक्षात येत नाही. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरावे, स्वयंपाकाचे वेगळे. सगळे पाठीवर वाहण्याची गरज नाही, कारण इथे दर तीन-चार किलोमीटरवर वस्ती लागते. पुळणीमागच्या विहिरींचे पाणी अनेकदा गोडे लागते, याचे नव्या माणसाला आश्चर्य वाटते. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. वाळूत मुरल्यावर ते खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखे राहते आणि विहीर उथळ असेल तर तोच थर हाती लागतो. फार उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. म्हणून कोणाच्या विहिरीवर आधी विचारावे, पिण्यापुरतेच घ्यावे आणि तिथे साबण लावून आंघोळीचा घाट घालू नये.

शिधा साधा असावा. भाकरी-चटणी, दशम्या, पोहे, लाडू हे घरचे प्रकार दोन दिवस टिकतात. स्वयंपाक करायचाच तर लहान गॅस शेगडी बरी. वाळूत चूल पेटवली तर विझवताना पाणी ओतावे, वाळू नव्हे. वाळूखाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्या एखाद्या मुलाचा पाय त्यावर पडतो. त्यापेक्षा आमचा सल्ला असा की एक वेळचे जेवण गावातल्या घरगुती खाणावळीत घ्यावे. पेजेपासून सोलकढीपर्यंत जे मिळेल ते गरम असते आणि आपल्या जाण्याने गावाला दोन पैसे मिळतात.

सामानात टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोबाइल आणि काडेपेटीसाठी बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, पट्टीचे सँडल, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचार आणि कचऱ्यासाठी एक जाड गोणपाट एवढे हवेच. बूट ओल्या वाळूत जड होतात आणि अनवाणी चालले तर दुपारची सुकी वाळू पाय भाजते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावे. वाळूत दबून बसलेले पाकट त्याने आधीच बाजूला सरते.

किनारा रिकामा नसतो

आपल्याला ओसाड दिसणारी पुळण कोणाची तरी कामाची जागा असते. पहाटे उठलात तर रापण ओढताना दिसेल. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी पंचवीस-तीस जणांनी ते ओढायचे, अशी ही सिंधुदुर्गातली जुनी सामूहिक मासेमारी. दोराच्या आत शिरू नये, होड्यांवर बसू नये, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नये. 'काका, हात लावू का?' असे विचारून दोराला हात लावला तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. मालवणी बोली आपल्या कानाला दोन दिवसांत सरावते आणि खरी माहिती मग मिळते. पाणी कुठे ओढते, कुठला खडक वाईट, आज वारा कसा आहे, हे त्यांच्याइतके कोणतेही ॲप सांगत नाही.

रात्री दुसरे कोणी येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालायला याच पुळणींवर चढतात. वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी यासाठी प्रसिद्ध आहे. शिरोड्यालाही घरटी सापडतात. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. अंधारात समुद्राची बाजू किंचित उजळ दिसते, तिच्या रोखाने ती चालत जातात. तंबूतला दिवा किंवा शेकोटी तिच्यापेक्षा उजळ असली की पिल्ले उलटी, गावाकडे चालू लागतात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जातात. म्हणून या महिन्यांत पुळणीवर शेकोटी नको आणि विजेरीला लाल कागद लावावा. मादी दिसली तर जागच्या जागी थांबावे, फोटोचा झोत टाकू नये आणि सकाळी गावातल्या कासवमित्रांना किंवा वन विभागाला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे.

परवानगीचा प्रश्न बरेच जण विचारतात. पुळणीमागची जमीन कोणाच्या तरी बागेची, ग्रामपंचायतीची किंवा वन विभागाची असते. मुक्कामाच्या गावी दिवसाउजेडी पोहोचावे, ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना आपली नावे व संख्या सांगावी आणि ते दाखवतील तिथेच राहावे. पुष्कळदा एखाद्या घराचे अंगण किंवा माडांपासून दूर असलेला मोकळा तुकडा मिळतो. शौचालयाचाही प्रश्न सुटतो. नाही म्हटले तर मान राखून घरगुती निवासात उतरावे. तेरेखोल ओलांडून गोव्यात गेल्यावर नियम बदलतात. तिथे २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे याला दंड आहे.

कचऱ्याबद्दल वेगळे सांगायला नको. आपले नेले तेवढे परत आणायचेच. त्यात निघण्यापूर्वी प्रत्येकाने भरतीच्या रेघेवरच्या प्लास्टिकची एक पिशवी भरायची, अशी सवय आम्ही लावून घेतली आहे. तीस जणांच्या तीस पिशव्यांनी समुद्र स्वच्छ होत नाही, पण पुढच्या वेळी त्या गावात आपल्याला 'येवा' म्हणतात.

मुलांना न्यावे का, याचे उत्तर आता देता येईल. जरूर न्यावे, पण पंचांग पाहून, दोन मोठ्यांमागे एक लहान या प्रमाणात आणि पहिला मुक्काम पुळणीवर न करता गावात. मुलाला मर्यादवेल ओळखता आली, तिथीवरून भरतीची वेळ सांगता आली आणि शांत गडद पाण्याचा अर्थ कळला, की पुढच्या वर्षी तंबू त्यालाच लावू द्यावा.